बुंदीची रेघ

मांजराचा ईसीजी काढणं हा काय ताप असतो ते मला विचारा. कुत्रं बिचारं पडून राहतं. म्हैस तर तारांकडे बघतसुद्धा नाही, रवंथ करत उभी असते. मांजर मात्र दवाखान्याच्या पायरीवरच ओळखतं की आज आपलं काही खरं नाही. टेबलावर घेईपर्यंत त्याचे ठोके मिनिटाला अडीचशेच्या घरात गेलेले असतात, माझ्या मनगटावर ओरखडे उठलेले असतात आणि कागदावर जी रेघ येते ती हृदयाची नसतेच, भीतीची असते. त्या रेघेवरून आजार ओळखा म्हणणं म्हणजे नळावर भांडणाऱ्या बाईच्या आवाजावरून ती गाते कशी ते सांगा म्हणण्यासारखं आहे.

मी ऋतुजा मगदूम. सांगलीत जनावरांच्या हृदयरोगावर काम करणारं एक संशोधन केंद्र आहे, तिथं मी मांजरांची डॉक्टर आहे. जैनाची मुलगी असून मांजरांना मटणाचं खाणं घालते, असं आमच्या गल्लीत अजून बोललं जातं. बोलेनात का. मांजराला नुसता वरणभात घालून ते अहिंसक होत नाही, मांसातलं सत्त्व न मिळून आंधळं होतं.

ज्या आजारावर आमचं काम चालतं तो मोठा लबाड आहे. मांजराचं हृदय ते केवढं, लिंबाएवढं. त्याच्या डाव्या कप्प्याची भिंत हळूहळू जाड व्हायला लागते. ती आतल्या बाजूनं वाढते, म्हणजे रक्ताला जागा उरत नाही. स्नायू आवळतो जोरात, पण पुन्हा सैल पडायला त्याला जमत नाही. बाहेरून काही म्हणता काही दिसत नाही. मांजर खातं, झोपतं, खिडकीत बसून कावळ्यांवर दात विचकतं. मग एखाद्या दिवशी हृदयात साकळलेल्या रक्ताची गुठळी सुटते आणि मागच्या पायांकडची वाट बंद करते, मांजर ओरडत पाय ओढायला लागतं. कधी तेवढंही होत नाही, बसल्या जागी मान टाकतं. मालक आम्हाला सांगतात, काल तर चांगलं होतं की हो.

हाच आजार माणसातही असतो. आमच्या आप्पांना होता, हे ते गेल्यावर कळलं. कुणाच्या तरी लग्नात पंगतीला जिलेबी वाढता वाढता ते खाली बसले, आणि तेवढंच. त्यानंतर आम्हा दोघा भावंडांची तपासणी झाली. मी सुटले. सम्मेद, माझा धाकटा भाऊ, सुटला नाही. आई त्याआधीच गेली होती, त्यामुळं घरात आम्ही दोघंच. मी मांजरांच्या हृदयात का शिरले याचं उत्तर लोकांना मी काहीही देत असले, तरी खरं उत्तर हे आहे.

सम्मेदचं कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनचं शेड आहे. पाण्याच्या टाक्या, ट्रॉल्या, गेट, जे म्हणाल ते तो करतो. वेल्डिंगमध्ये त्याचा हात असा आहे की सांधा बोटानं शोधून सापडत नाही. त्याच्या डॉक्टरांनी गेल्या वर्षीच सांगितलं होतं, छातीत शॉकचं यंत्र बसवून घ्या. हृदय भलतंच धडधडायला लागलं की ते यंत्र आतल्या आत झटका देतं आणि माणूस वाचतो. फक्त एक अट. ते बसवल्यावर वेल्डिंग बंद. ठिणगी पेटवणाऱ्या करंटमुळं यंत्र चकतं, नको तिथं झटका देतं, हवा तिथं देत नाही.

"म्हणजे जिवंत राहायचं, पण कामाचं नाही राहायचं," सम्मेद म्हणाला होता. "खुर्चीत बसून दुसऱ्यांचे वाकडे सांधे बघत. त्यापेक्षा आप्पांसारखं गेलेलं काय वाईट?"

मी त्याला त्या दिवशी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. तरी शेवटी तारीख ठरली होती. मधल्या काळात मी त्याला छातीला बांधायचा, ठोक्यांची रेघ घेणारा माणसांचा पट्टा आणून दिला. वेल्डिंगनं त्याची रेघ दिवसभर विस्कटायची, म्हणून त्यानं तो शेडमधल्या खुंटीला अडकवला आणि विषय संपवला.

मांजरांच्या पट्ट्याचं मात्र तसं नव्हतं. हृदय आवळण्याआधी त्यातून विजेची एक लाट जाते. ईसीजीची रेघ म्हणजे त्या लाटेचा माग. भिंत जाड झाली की लाटेला ती ओलांडायला किंचित जास्त वेळ लागतो, आणि स्नायू पूर्वपदावर येताना ती अडखळते. हा फरक इतका बारीक असतो की दवाखान्यात काढलेल्या एका ईसीजीत तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणून इतकी वर्षं सगळे म्हणायचे, मांजराच्या या आजारात ईसीजी काही कामाचा नाही, सोनोग्राफीच करा. पण मांजर स्वतःच्या घरी, स्वतःच्या जागेवर गाढ झोपलेलं असताना महिनोन्‌महिने रेघ घेतली तर? त्यासाठी हा पट्टा. पुढच्या पायांच्या मागं छातीभोवती बसणारं मऊ कापड, आत दोन चपटे संवेदक. पहिले दोन दिवस मांजर दारू प्यायल्यासारखं तिरकं चालतं, मग विसरून जातं. रेघ घरातल्या भिंतीवरच्या पडद्यावर दिसते आणि आपोआप केंद्रातही येते.

केंद्रातल्या संगणकाला आम्ही हजारो मांजरांच्या रेघा आणि त्याच मांजरांच्या सोनोग्राफ्या शेजारी शेजारी दाखवून शिकवलं होतं. आता त्याला नुसती रेघ दिली की तो भिंतीची जाडी सांगायचा, आणि बहुतेक बरोबर सांगायचा. भिंत होती तेवढीच असेल तर पडद्यावरची रेघ हिरवी, आणखी जाड होत असेल तर लाल. रंगांची कल्पना आमच्या मॅडमची, म्हणजे केंद्राच्या प्रमुखांची. मालकांना आकडे कळत नाहीत, रंग कळतो, असं त्या म्हणाल्या. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, पण माझं कोण ऐकतंय.

औषधाला अजून नाव नव्हतं, आम्ही त्याला सतरा नंबर म्हणायचो. स्नायूच्या तंतूंमध्ये सूक्ष्म आकडे असतात, ते शेजारचा तंतू धरून ओढतात, म्हणून स्नायू आवळतो. या आजारात गरजेपेक्षा जास्त आकडे धरून बसतात आणि सोडत नाहीत. सतरा नंबर त्यांची पकड सैल करायचं. आजार फार पुढं गेलेली अकरा मांजरं निवडून आम्ही ते सुरू केलं. त्यांच्यात एक होती आरवाड्यांची बुंदी.

आरवाडे काका एसटीत ड्रायव्हर होते. आता त्यांच्या रस्त्यावरच्या गाड्या ड्रायव्हरशिवाय धावतात, आणि त्या दारावरून गेल्या की काका अजून एक शिवी घालतात. त्यांची बायको मंगलकाकू पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेली. डावा हात गेलेला, नजरही निम्मी गेलेली, पण जीभ शाबूत. घरात दोन मांजरी, एकाच वेताच्या बहिणी, बुंदी आणि शेव. दोघी पाठीवर करड्या, पोटाला पांढऱ्या. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मलाही पट्ट्याशिवाय ओळखू आल्या नसत्या. बुंदी दिवसभर काकूच्या पोटावर बसून असायची आणि काकू भिंतीवरच्या पडद्याकडे बघत असायची. टीव्ही लावू देत नव्हती.

"ही माझी सीरियल," ती मला म्हणायची. "हिच्यात कुणी कुणाला विष घालत नाही बघ."

श्रावणात बुंदीची रेघ लाल झाली. मला वाईट वाटलं, पण धक्का नाही बसला. आजार तेवढा पुढं गेलेलाच होता. धक्का बसला तो आठवड्याभरानं, जेव्हा ती पुन्हा हिरवी झाली. आणि हिरवीच राहिली. संगणक सांगत होता की भिंत पातळ झालीय, निरोगी मांजराइतकी. बाकी दहा मांजरांत आजार नुसता मंदावला होता. बुंदीत तो मागं फिरला होता. असं आजवर कुठं झालं नव्हतं. मॅडमनी केंद्रात पेढे वाटले, मी सुद्धा दोन खाल्ले.

एक गोष्ट मला खटकली होती. बुंदीच्या जुन्या रेघेत प्रत्येक ठोक्याच्या चढणीवर एक बारीक कंगोरा होता. नव्या रेघेत तो नव्हता. मी म्हटलं, स्नायू बरा झाला, कंगोरा गेला. काकू फोनवर म्हणाली, औषधानं बुंदीचा स्वभाव बदललाय, पोटावर बसत नाही, पायाशी झोपते, सारखी खिडकीत जाते. मी अहवालात लिहिलं, मांजर अधिक चपळ आणि खेळकर. शिकलेली बाई ना मी.

त्या दोन रेघा मी सम्मेदला दाखवल्या. आम्ही जेवत होतो. त्यानं हात न धुता फोन घेतला, लाल रेघ बघितली, हिरवी बघितली, पुन्हा लाल बघितली.

"हे औषध माणसांना कधी?"

"पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात चाचणी सुरू होणार आहे. संक्रांतीच्या आसपास."

"माझं नाव घाल."

"घालते. पण यंत्राची तारीख आहे तुझी."

"आक्का, एकदा ते बसवलं की बसवलं. चार महिने थांबायला काय होतंय?"

त्याचे डॉक्टर नको म्हणाले. मी त्यांच्याशी भांडले. बुंदीची रेघ त्यांच्या टेबलावर ठेवून भांडले. ते म्हणाले, बाई, ते मांजर आहे. मी म्हटलं, स्नायू तोच आहे. तारीख रद्द झाली. सम्मेदनं त्याच आठवड्यात जिल्ह्यातल्या शाळांच्या टाक्यांचं मोठं काम घेतलं, शेडला पुढं पत्रे वाढवले, आणि आप्पा गेल्यापासून पहिल्यांदाच मला तो घरात शीळ घालताना ऐकू आला.

पुण्याच्या लोकांनी एकच मागणी केली. चाचणी सुरू करण्याआधी बुंदीची ताजी सोनोग्राफी हवी. रास्त होतं. मी आरवाडे काकांना फोन केला. ते म्हणाले, हिला सोडून येता येत नाही. गाडी पाठवते म्हटलं, तर मांजर गाडीत ओकतं. पुढच्या आठवड्यात पाव्हणे होते. त्याच्या पुढच्या आठवड्यात काकांचाच गुडघा दुखत होता. शेवटी मी सोनोग्राफीचं हातातलं यंत्र पिशवीत टाकलं आणि न कळवता दुपारी त्यांच्या दारात उभी राहिले.

काकांचा चेहरा पडला. मला वाटलं, जेवणाच्या वेळी आले म्हणून.

काकू झोपली होती. मांजर स्वयंपाकघरात ओट्यावर होतं. मी पट्टा काढला, काकांना धरायला सांगितलं, पोटाखाली हात घालून छातीवर जेल लावलं. पडद्यावर हृदय आलं. सुरेख हृदय होतं. भिंत पातळ, कप्पा मोकळा, झडपा अशा हलत होत्या की बघत राहावं. अर्धं मिनिट मी इतकी सुखात होते की काय सांगू. सम्मेदच दिसत होता मला त्या पडद्यावर.

मग मनात आलं की इतकं सुरेख कसं असेल? पडझड होऊन पुन्हा बांधलेलं घर ओळखू येतं. स्नायूवर व्रण राहतात, वरचा कप्पा ताणलेला राहतो. इथं काहीच नव्हतं. मी व्रण शोधत यंत्र खाली सरकवत नेलं, हात जरा जास्तच खाली गेला, पोटावर. आणि तिथं पडद्यावर आणखी एक हृदय दिसलं. दाण्याएवढं, थरथरणारं. त्याच्या शेजारी दुसरं. मागं तिसरं.

मांजर गाभण होतं.

बुंदीचं गर्भाशय चाचणीत घेतानाच मी माझ्या हातानं काढलं होतं.

"काका," मी म्हटलं, "बुंदी कुठाय?"

काकांनी मांजर सोडलं. ते उडी मारून खिडकीत गेलं. काका खाली बसले, भिंतीला टेकून, दुखऱ्या गुडघ्यासकट.

"मागच्या परड्यात," ते म्हणाले. "पेरूच्या झाडाखाली."

"कधी?"

"श्रावणातच. मागले पाय गेले तिचे. रात्रभर टॉवेलात घेऊन बसलोतो. सकाळी गेली."

"आणि पट्टा?"

"पट्टा तिच्या आधी काढला." ते माझ्याकडे बघत नव्हते. "रेघ लाल झाली आणि हिनं तोंड मिटलं. पेज नाही, पाणी नाही. बुंदी चालली, मीपण चालले, असं म्हणायला लागली. म्हटलं, एक दिवस शेवला घालावा पट्टा. हिनं दोन घास खाल्ले की काढायचा. रेघ हिरवी झाली, हिनं वाटीभर आमटीभात खाल्ला. मग तुम्हीच सांगा, काढायचा कसा?"

"काकूला मांजर ओळखू येत नाही?"

"नजर कुठाय तिला. आणि भिंतीवर लिहिलंय की, बुंदी. ते खोटं कसं असेल? शेव शेजारच्या गल्लीत बोक्यामागं गेली म्हणून सांगितलं, तर हसली."

माझं डोकं सणकलं. मी आवाज दाबून बोलत होते, पण बोलायचं थांबत नव्हते. तुम्हाला कळतंय का काय केलंत, म्हटलं. या एका रेघेवर माणसांचं औषध पुढं चाललं होतं. लोक ऑपरेशनं थांबवून बसलेत. मी लोक म्हटलं, माझा भाऊ नाही म्हटलं.

काका भिंतीला धरून अर्धे उठले.

"बाई, मला कुठं माहीत? तुम्हीच म्हणालात, तुम्हाला काही करायचं नाही, आपोआप जातंय. कुठं जातंय, कुणाला जातंय, मला कोण सांगितलं? मला वाटलं ती रेघ आमच्या भिंतीपुरती." पुन्हा खाली टेकत ते म्हणाले, "आणि एवढी मांजरं तुमच्याकडं. त्यात एका म्हातारीच्या मांजरानं काय फरक पडणार, म्हटलं."

औषधाची बाटली दर महिन्याला येत होती, ती ते मोरीत ओतत होते. निरोगी मांजराला उगाच कशाला द्यायचं, म्हणून. तेवढी अक्कल होती त्यांना. मांजराच्या कातडीखाली ओळखीची चिप बसवायचं आमच्या केंद्रात ठरलं होतं, पण मांजराला टोचायचं म्हटल्यावर निम्मे मालक पळाले आणि मॅडमनी ते सोडून दिलं. पट्टा हीच ओळख, असं ठरलं. तेव्हा सगळा दोष त्या म्हाताऱ्याच्या माथी मारायला मला जागा नव्हती, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

"बुंदीचं ऑपरेशनपण मी हिला कळू दिलं नव्हतं. आजारी माणसाला खरं सांगतात का कुठं?" काका म्हणाले. अगदी साधेपणानं विचारलं त्यांनी.

नाहीच सांगत. आमच्याकडे माणूस शेवटच्या घटका मोजत असला तरी त्याला पित्त झालंय म्हणून सांगतात. नातेवाईक डॉक्टरांना दाराबाहेर गाठतात, पेशंटला कळू देऊ नका म्हणतात. सगळं घर बाहेर रडतं आणि तोंड पुसून आत जाऊन हसतं. मला या गोष्टीची लहानपणापासून चीड आहे. माणूस मांजर आहे का?

आतून काकूची हाक आली. मी तिच्या खाटेपाशी गेले. तिनं उजव्या हातानं माझा हात चाचपून धरला.

"कोण, डॉक्टर पोरगी? बुंदीला बघायला आलीस?"

"हो काकू."

"कशी आहे गं? ह्यांचं मला खरं वाटत नाही. हे कायम चांगलंच सांगतात. तू डॉक्टर आहेस, तू सांग."

समोर भिंतीवर रेघ नव्हती, पट्टा माझ्या हातात होता. काका दाराच्या चौकटीला धरून उभे होते.

"छान आहे," मी म्हटलं. "पिल्लं होणार आहेत तिला."

काकूच्या तोंडाची एकच बाजू हसू शकत होती, ती हसली. मी स्वयंपाकघरात गेले, शेवला पकडलं, पट्टा बांधला आणि रेघ भिंतीवर आली ती बघूनच निघाले. मग गाडीत बसून मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, बुंदीला काढून उरलेल्यांचं काय दिसतं ते संध्याकाळपर्यंत सांग.

ते मला गाडीतच माहीत होतं. उरलेल्यांत औषधानं आजार जरा मंदावला होता. दोघी तर औषध चालू असतानाच गेल्या होत्या. बुंदीच्या कौतुकात त्यांच्याकडे आमच्यापैकी कुणी धड बघितलं नव्हतं. पुण्याची चाचणी आता संक्रांतीला सुरू होणार नव्हती. कधी होईल हे सांगता येत नव्हतं, आणि झाली तरी ज्याची भिंत आधीच जाड झालीय त्याला ती परत पातळ करून मिळणार नव्हती.

मी घरी गेले नाही, केंद्रातही गेले नाही. सरळ कुपवाडला गेले.

सम्मेद शेडमध्ये एकटाच होता. पोरं चहाला गेली होती. मोठी टाकी आडवी टाकून तो तिच्या बुडाचा सांधा मारत होता. मला बघून त्यानं तोंडावरचा मुखवटा वर केला.

"काय आक्का, आज इकडं? जेवलीस काय?"

मी त्याला सगळं सांगितलं. उभ्या उभ्याच सांगितलं, कारण बसले असते तर मला जमलं नसतं. पट्टा, शेव, पेरूचं झाड, मोरीत गेलेलं औषध, चाचणी. तो ऐकत राहिला. हातातल्या पकडीत वेल्डिंगची कांडी तशीच होती.

"म्हणजे ती मांजर बरी झालीच नव्हती."

"नाही."

"मेलीच होती."

"हो."

त्यानं कांडीचं टोक टाकीवर उगाच टेकवल्यासारखं केलं. "आणि त्या काकूला काय सांगितलंस?"

मी खुंटीला अडकवलेल्या पट्ट्याकडे बघितलं.

"सांगितलंस काय तिला?"

"नाही. पिल्लं होणार आहेत म्हटलं."

"का?"

"तिला कळून काय झालं असतं, सम्मेद? जेवण सोडलं असतं तिनं पुन्हा."

"मग मला कशाला सांगितलंस?"

त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मीही चढवला असता, आम्ही दोघं त्यात तरबेज आहोत. तो नुसता विचारत होता.

"श्रावणापासून मी झोपायला लागलोय," तो म्हणाला. "त्याआधी उशीवर कान टेकला की ठोके ऐकू यायचे. एक चुकला की उठून बसायचो. तू ती हिरवी रेघ दाखवलीस आणि ते थांबलं. पोतंभर काम अंगावर घेतलं, जिने चढलो, टाक्या उचलल्या, काही झालं नाही. हे दिवस माझे होते, आक्का. अजून दोन महिने तसेच गेले असते."

"आणि त्या दोन महिन्यांत तू पडला असतास तर?"

"तर पडलो असतो. कळलं नसतं मला."

"मला कळलं असतं," मी म्हटलं. "आप्पा गेले तेव्हा त्यांना कुठं काय कळलं? ते आपल्याला कळलं. तू गेलास तर त्या घरात मी एकटी कुणासाठी कुकर लावू? मला तू हवा आहेस. बिनकामाचा, खुर्चीत बसलेला, माझ्यावर चिडलेला, कसाही चालेल मला."

मी रडत होते. मला आवडत नाही लोकांसमोर रडायला, भावासमोर तर अजिबात नाही. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि मुखवटा खाली ओढला.

"मागं वळ. डोळे जातील."

मी पाठ करून उभी राहिले. समोरच्या पत्र्यावर निळा उजेड नाचत होता. मागं तो कांडीचा चरचर आवाज चालू होता. तो चालू आहे तोवर सम्मेद उभा आहे, एवढंच मला कळत होतं. मध्ये एकदा आवाज तुटला तेव्हा मी मान वळवून बघितलं. त्यानं कांडी बदलली होती. पुन्हा चरचर सुरू झाली. सांधा लांबलचक होता.

थांबल्यावर मी वळले. तो सांध्यावरची खपली हातोडीनं झाडत होता, सावकाश, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. मग त्यानं हातमोजे काढून टाकीवर ठेवले.

"घे तारीख," तो म्हणाला.

"उद्याच फोन करते."

"कर. पण आजपासून मला रोज कसं वाटतंय म्हणून विचारायचं नाही. विचारलंस तर मी बराच आहे म्हणून सांगणार."

दवाखान्यानं पुढच्या महिन्यातली तारीख दिलीय. मॅडम म्हणतात रजा घे, मी घेतली नाही, केंद्रात बसून झोपलेल्या मांजरांच्या रेघा बघते. सम्मेद रोज सकाळी डबा घेऊन शेडवर जातो, टाक्या पुऱ्या करायच्यात म्हणतो. न विचारायचं मी कबूल केलं होतं, पण तो चप्पल घालायला लागला की माझ्या तोंडून निघतंच. कसं वाटतंय रे?

"बरंय की," तो म्हणतो, आणि त्यातलं खरं किती ते मला कळत नाही.